सोमवारची ताई

सोमवारी गिरिजा हुक्केरी बोलत नसे. तिचा आवाज मात्र त्याच दिवशी सगळ्यांत जास्त बोलत असे.

गडहिंग्लजच्या त्या घरातला सोमवार ठरून गेलेला होता. आई तिला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत घेई, कपाळावर विभूती लागे, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा होई, आणि मग दिवेलागणीपर्यंत गिरिजाच्या तोंडून शब्द फुटत नसे. ती खिडकीशी बसून कापसाच्या वाती वळी. दारात कुणी आलंच, तर आई हळू आवाजात सांगे, "आज तिचं मौन आहे." येणारी बाई लगेच पायरीवरच चपला काढून हात जोडी. इतर दिवशी तीच बाई गिरिजाच्या पायांकडे बघून 'अरेरे' करून जाई.

गिरिजा जन्मली तीच पाठीचा कणा उघडा घेऊन. स्पायना बायफिडा. कमरेखाली संवेदना नाही, लघवी नळीने काढायची, आणि मेंदूत साठणारं पाणी पोटात उतरवायला डोक्यातून पोटापर्यंत गेलेली एक बारीक नळी, शंट. पूर्वी अशी मुलं फारशी जगत नसत. मग शस्त्रक्रिया सुधारल्या, मुलं जगली, मोठी झाली, आणि मोठी झाल्यावर त्यांचं काय करायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं. मुलांचे डॉक्टर म्हणत, तुम्ही आता मोठे झालात. मोठ्यांचे डॉक्टर म्हणत, हे मुलांचं दुखणं, आम्हाला काय कळतंय त्यातलं? घरात एका खोलीत ही माणसं पस्तिशीची, चाळिशीची होत.

पुण्याची 'सांगाती' संस्था अशांना फोनवर सोबत देई, आणि सोबत देणारेही त्यांच्यातलेच असत. गिरिजा त्यांतली. तिचा आवाज मऊ होता, घाई नसलेला. माणसं तिच्याशी बोलून जेवायला उठत. पण ती एक, आणि बोलू पाहणारे पुष्कळ. त्यात सोमवारचं मौन. म्हणून संस्थेने तिच्यापुढे 'पडसाद' ठेवला. तिच्या हजारो संभाषणांवरून शिकलेला, तिच्याच आवाजात, तिच्याच लकबीने बोलणारा. फसवणूक नव्हती, सगळ्यांना माहीत होतं की सोमवारी बोलते ती खरी गिरिजाताई नव्हे.

परभणीचा विश्वंभर गिराम तर तिला 'सोमवारची ताई'च म्हणे.

"तुमच्यापेक्षा बरी आहे बघा ती," तो एकदा गिरिजाला म्हणाला होता. तो घरबसल्या दहावीच्या पोरांना गणित शिकवी, एकटा राही, आणि जिभेवर लगाम नव्हता. "तुमच्यासारखं मधेच 'थांबा हं, आईने हाक मारली' करत नाही. आणि तिला अगं-तुगं केलं तरी चालतं. मशीनला कसला मान द्यायचा?"

"मग माझ्याशी कशाला बोलता?"

"तुम्हाला हसवायला. ती हसते, पण बरोबर वेळेवर हसते. त्यात काय मजा?"

गिरिजा तेव्हा हसली होती, तेही अवेळी.

त्या सोमवारी दुपारी वाती वळता वळता तिच्या मांडीवरच्या पडद्यावर संस्थेचा निरोप आला. पडसादचं एखादं संभाषण चांगलं वठलं, की ते मंजुरीसाठी तिच्याकडे येई. 'उत्तम संवाद : विश्वंभर गिराम, आज सकाळ.' एरवी ती असली कामं मंगळवारी करी. पण हात वातींत होते, कान मोकळे होते. तिने ते लावलं.

"उलटी झाली सकाळी," विश्वंभर म्हणत होता. त्याचा आवाज ओल्या कपड्यासारखा जड होता. "उजेड नको वाटतो. ते... ते काय म्हणतात... खिडकीचं कापड... ते ओढून घेतलंय."

"पडदा," गिरिजाचा आवाज म्हणाला.

"हां. पोरांना आज शिकवलंच नाही. कुणाशी बोलावंसंच वाटत नाही बघ. हे असं किती दिवस ओढायचं, सांग ना तू." आणि एक लांबलचक जांभई.

"तुम्ही फार दमला आहात, विश्वंभर. खूप दिवस एकट्याने ओझं वाहिलंत. आज काही करू नका. पडदा ओढलाय ना, तसाच राहू द्या. डोळे मिटा, झोपा जरा. मी आहे."

किती मायेने म्हटलं होतं! गिरिजाने स्वतः याहून मऊ म्हटलं नसतं.

तिच्या मांडीवरच्या वाती खाली सांडल्या.

ही उदासी नव्हती. उलटी, उजेड नकोसा होणं, शब्द न सापडणं, जांभया. सोळाव्या वर्षी तिच्या बाबतीतही हेच झालं होतं, आणि घरच्यांना वाटलं होतं की वयात आलेली पोरगी, रुसते, चिडते. शंट तुंबला होता. मेंदूत पाणी चढत जातं, माणूस पेंगायला लागतं, आणि त्याला झोपू दिलं तर ते उठत नाही.

पण विश्वंभरच्या शंटमध्ये तर नव्या तऱ्हेचा दाबमापक होता, तिच्यासारखाच. कानामागच्या झडपेत बसवलेला, क्षणाक्षणाचा दाब संस्थेला कळवणारा. तिने पडद्यावर पाहिलं. दाब हिरवा. आवाजावरून मन जोखणारं यंत्रही म्हणत होतं : दुःख मध्यम, धोका नाही, संवादानंतर शांत.

हिरवा कसा? विचार करता करता तिच्या लक्षात आलं, आणि मान आपोआप ताठ झाली. गच्चीवरच्या टाकीचं तोंडच गाळाने बंद झालं, तर टाकी भरून वाहील, पण खाली नळाला लावलेलं मीटर काय दाखवणार? त्याच्याकडे पाणी येतच नाही. शंट मेंदूतल्या टोकाशी तुंबला होता. मापक त्याच्या खाली होता. यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्याला वरचं काही कळतच नव्हतं.

"आई!" गिरिजा ओरडली.

स्वयंपाकघरात भांडं पडलं. इतक्या वर्षांत सोमवारी या घरात ती हाक कुणी ऐकली नव्हती. आई दारात आली ती पदराला पिठाचे हात पुसत. "अगं, तुझं मौन..."

"मोडलं. मला टेबलाशी ने."

तिने संस्थेच्या समन्वयक केळुसकर मॅडमना फोन लावला. त्या भल्या बाई होत्या, पण भल्या माणसालाही नियम असतात.

"गिरिजा? आज सोमवार ना?" त्या चपापल्या.

"मॅडम, विश्वंभरचा शंट बंद पडलाय. त्याच्याकडे अॅम्ब्युलन्स पाठवा. आत्ता."

कळफलकाचा आवाज आला. "त्याचा दाब व्यवस्थित आहे गं. मनःस्थितीपण..."

"मापक खाली आहे! वरचं तोंड बंद झालंय. उलटी झालीय त्याला, शब्द सापडत नाहीयेत."

"तू म्हणतेस तसं असेलही. पण मापक लाल नसताना पत्ता उघडून माणसं पाठवायची तर त्याने स्वतः 'हो' म्हणायला हवं. हे मी तुला सांगावं? या नियमासाठी समितीपुढे तूच बोलली होतीस."

बोलली होती खरी. त्यांच्यातल्या कुणी फोनवर 'कंटाळा आला जगण्याचा' म्हटलं, की पूर्वी दार फोडून माणसं घरात शिरत, उचलून नेत, सुया टोचत. विचारत कुणी नसे. गिरिजा समितीपुढे म्हणाली होती, आमचे पाय चालत नाहीत म्हणून आमच्या दाराला कडी नसावी का? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"मी वरच्यांना विचारते," मॅडम म्हणाल्या. "पण तोवर तू त्याच्याकडून 'हो' घे. त्याची ओळ तुला जोडते."

घंटी वाजत राहिली. आई शेजारी उभी होती, तिने खुर्चीची मूठ घट्ट धरली होती.

"काय गं?" विश्वंभर म्हणाला. "झोप म्हणालीस, आणि आता परत..."

"विश्वंभर, मी गिरिजा बोलतेय. नीट ऐका. तुमचा शंट बंद पडलाय. तोंडाने फक्त एवढं म्हणा की हो, दार उघडा. माणसं येतील."

मग तो हसला. "आज सोमवार आहे."

"हो. मी मौन मोडलंय."

"ताई मौन मोडत नाहीत. गेल्या वर्षी त्यांना ताप होता, दवाखान्यात होत्या, तरी नव्हतं मोडलं. लिहून दाखवत होत्या नर्सला." त्याचे शब्द एकमेकांवर सांडत होते. "तू सोमवारची. सकाळी झोप म्हणतेस, दुपारी उठ म्हणतेस. बिघडलीस का काय?"

"मी खरी आहे!"

"असं तर मशीनपण म्हणेल."

आजवर गिरिजा जी शिस्त जपत आली होती, जिच्यापुढे शेजारपाजार हात जोडत असे, तीच आता त्याच्या दाराला आडवी लागली होती. "विश्वंभर, तुम्ही मला म्हणाला होतात, हसवायला फोन करतो म्हणून. आठवतं?"

"तुला सगळंच ठाऊक असतं. ताईंचं सगळं तुझ्यातच तर भरलंय." जांभई. "डोकं फुटतंय गं. ठेवतो मी."

"ठेवू नकोस!" ती किंचाळली. "गाढवा, मरशील तू! कळतंय का?"

"रागवायला पण शिकवलं वाटतं," तो कौतुकाने म्हणाला. आणि त्याचा श्वास लांब पडू लागला.

गिरिजाने आईकडे पाहिलं. मग नजर वळवली, कारण जे सांगायचं होतं ते आईकडे बघत सांगता आलं नसतं. फोनवर तिने जे जे म्हणून कधी उच्चारलं, ते पडसादला ठाऊक होतं. जे कधीच उच्चारलं नव्हतं, तेवढंच तिचं एकटीचं उरलं होतं.

"विश्वंभर, माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं. निपाणीला. मी एकोणीस वर्षांची. हिरवी साडी नेसले होते, आयुष्यात पहिल्यांदा. पंगतीत बसले, आणि... माझं लंगोटाचं कापड सुटलं होतं. मला कळतंय कुठे? वास सुटला. शेजारची बाई नाक दाबून म्हणाली, कुणाचं मूल आहे गं, त्याला बाहेर न्या. सगळे मूल शोधायला लागले. माझ्या मांडीवरून खाली टपटप... पत्रावळीपर्यंत."

ती थांबली नाही.

"आई वाढत होती. तिने बघितलं. तिच्या हातात मठ्ठ्याची बादली होती. ती सरळ आली आणि अख्खी बादली तिने माझ्या अंगावर ओतली. लोकांसमोर. आणि स्वतःच कपाळावर हात मारून घेतला, म्हणाली, काय मी मेली वेंधळी, पोरीला न्हाऊ घातलं की! सगळे हसले. वास मठ्ठ्यात बुडाला. मला उचलून नेलं तिने." गिरिजाचा आवाज फाटला. "मी तिच्याशी बोलणं टाकलं. तिने मला वाचवलं म्हणून. ती बघू शकली म्हणून. कितीतरी दिवस शब्द बोलले नाही. लोक विचारायला लागले, तेव्हा आईनेच सांगितलं, पोरीने मौनाचं व्रत धरलंय. मग बोलायला लागले, पण सोमवारपुरतं तेच पुढे धरलं मी. ते व्रत नव्हतं रे. देवाशी काही संबंध नव्हता त्याचा. मी रुसले होते. मग हळूहळू देव आला त्यात, पण आधी रुसवाच होता."

मागे आईचा श्वास अडखळलेला तिला ऐकू आला.

मग फार लांबून आल्यासारखं विश्वंभर म्हणाला, "ताक होतं का मठ्ठा?"

"मठ्ठा. कोथिंबीर घातलेला."

"ताई, तुम्ही... खरंच बोलताय आज?"

"म्हण, हो. दार उघडा म्हण."

"दार," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द शोधत राहिला. गिरिजा हात जोडून बसली होती, त्या शब्दाचा नुसता आकार ओठांनी काढत होती. "उघडा," तो म्हणाला. "हो. उघडा ना."

परभणीत दार उघडलं. शेजारचा किराणावाला आत गेला, मग गाडी आली, नांदेडच्या रुग्णालयात त्याच संध्याकाळी नवा शंट बसला. विश्वंभर वाचला. पण पाण्याने डोळ्यांच्या नसा दाबल्या होत्या, त्या पूर्ण सुटल्या नाहीत. खिडकी कुठे आहे एवढं दिसे. खिडकीत कोण आहे, ते दिसत नसे.

त्या रात्री आई आणि ती एकमेकींशी काही बोलल्या नाहीत. सकाळी विभूती लावताना आईचा अंगठा कपाळावर जरा जास्त वेळ टेकला, इतकंच. मग आई म्हणाली, "मला वाटायचं, तू विसरलीस."

"तुला वाटायचं?"

"नाही," आई म्हणाली. "नव्हतं वाटत."

पुढच्या मंगळवारी केळुसकर मॅडमचा फोन आला. मापकाची चूक कंपनीला कळवली होती, झडपेच्या वरही एक मापक बसवायचं ठरलं होतं. "तुझ्यामुळे किती जीव वाचतील, गिरिजा! आणि दुसरंही सांगायचंय. तो तुझा विश्वंभरशी झालेला संवाद, तो आम्ही पडसादला दिला. म्हणजे तो आपोआपच जातो म्हणा. काय फरक पडलाय! काल लातूरच्या एक बाई, ऐकतच नव्हत्या कुणाचं. पडसादने त्यांना मठ्ठ्याची गोष्ट सांगितली. त्या ढसाढसा रडल्या. मग जेवल्या."

गिरिजाला क्षणभर कळेना की आपण काय ऐकलं.

"माझ्या आवाजात?"

"अर्थात."

"आईचं... ते कपाळावर हात मारणं? तेही?"

"सगळं. तुझा आवाज जिथे फाटला होता ना, तिथेच फाटतो. ऐकवू का?"

"नको." तिने खुर्चीची कड धरली. "पुसा ते."

मॅडमचा सूर उतरला. "पुसता नाही गं येत. दुधात विरघळलेली साखर काढशील का तू? सगळा पडसादच बंद करता येईल, तुझी संमती काढून घेतलीस तर. पण मग सोमवारी ती माणसं कुणाशी बोलणार?"

त्या दिवशी गिरिजा देवापुढे बसली, पण पूजा झाल्यावरही तिने लिंग तळहातावरून खाली ठेवलं नाही. लातूरच्या बाईचा तिला राग येत नव्हता. ती बाई जेवली, हे बरंच झालं. पण आईची ती बादली आता कुणाच्याही अंगावर रिकामी होत होती, हव्या त्या वेळी, हव्या त्या माणसासाठी. आणि पुन्हा कुणी पेंगत, शब्द हरवत 'तू खरी कशावरून' म्हणालं, तर द्यायला आता तिच्याजवळ काय होतं? आणखी एक गुपित काढायचं. तेही सोमवारपर्यंत यंत्राचं होणार. मग आणखी एक. माणसाजवळ अशा किती गोष्टी असतात?

तिने संमती काढून घेतली.

"मग सोमवार?" आईने विचारलं.

"बोलीन मी."

"आणि व्रत?"

"त्याचं उद्यापन करतात तसं करू. जंगमाला जेवायला बोलाव." तिने मऊ आवाजात सांगितलं, पण आईला ठाऊक होतं की आठवड्यातला तेवढाच एक दिवस ही पोरगी दुसऱ्यांच्या दुःखापासून सुटत असे. जंगमाला निरोप गेला, गव्हाची खीर झाली, आणि मौनाचा सोमवार संपला.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळपासून फोन सुरू झाले. साऱ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, आणि ती सांगे, हो, मीच, आता सोमवारीही मीच. कुणी विश्वास ठेवला, कुणी 'बरं बरं' म्हटलं. दुपारी विश्वंभरचा आला. तो नांदेडहून घरी आला होता. पोरांचे वर्ग बंद पडले होते. फळा दिसत नाही तर शिकवणार काय?

"कोण?" तो म्हणाला.

"मी, गिरिजा. ती बंद केली मी. आता नाही ती."

"असं ती म्हणू शकते."

"मी खोटं कशाला बोलेन?"

"तुम्ही नाही बोलणार. पण तुम्ही आहात का, हा प्रश्न आहे." तो वाईट वाटू नये अशा बेताने बोलत होता. आवाज पुन्हा स्वच्छ झाला होता, पण त्यातली थट्टा कुठेतरी राहून गेली होती. "लातूरच्या एक बाई आहेत. आमच्या गटात. त्या परवा मला एक गोष्ट सांगत होत्या, मठ्ठ्याची. म्हणाल्या, गिरिजाताईने मला एकटीला सांगितली."

विश्वंभर बोलतच राहिला.

"मला वाटलं होतं, मला एकट्याला सांगितलीत तुम्ही. मरताना कुणीतरी आपल्याला काहीतरी एकट्याला दिलं म्हणून मी दार उघडलं. आता कळेना झालंय की तेव्हा तरी कोण बोलत होतं."

"मीच होते. आई इथे आहे, तिला विचारा. आई, बोल गं."

आई पुढे झाली. "मी आहे रे बाळा. ती आमचीच गिरिजा."

"आईंचा आवाजही करता येतो की," विश्वंभर म्हणाला. आई मागे सरली, आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली.

"मी येते परभणीला," गिरिजा म्हणाली. "बसून बसून झालेली माझी जखम चिघळली आहे, डॉक्टर प्रवास करू देत नाहीत. भरली की येते."

"या. मला दिसणार नाही, पण या." त्याला ते खरं वाटत नव्हतं; लहान मुलाच्या भातुकलीत चहा प्यावा तसं तो बोलत होता.

मग पलीकडे खुर्चीची चाकं सरकल्याचा आवाज झाला. तो खिडकीकडे गेला असावा, जिथे उजेड कळत होता तिथे.

"घरात फार शांत आहे हो," तो म्हणाला. "पोरं नाहीत, काही नाही. शेजारी येतो, डबा ठेवतो, जातो."

"मी आहे," गिरिजा म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला कळलं की हे शब्दही त्याने आधी ऐकलेले आहेत.

"असू दे," विश्वंभर म्हणाला. "कोण का असेना. बोलत राहा."

गिरिजाने डोळे पुसले आणि आज घरात काय शिजलंय ते सांगायला सुरुवात केली.